थे तठी ठेव

एक माणूस खुर्चीत बसला आहे. समोरची अख्खी भिंत म्हणजे पडदा, मागून प्रकाश टाकून उजळलेली दुधी काच. त्याच्या मनगटावर खडीसाखरेच्या मोठ्या खड्याएवढा एक ठोकळा बांधलेला आहे. तो हात उचलतो, पडद्याकडं बोट करतो आणि म्हणतो, तिथं एक निळा चौकोन कर. चौकोन उमटतो. मग तो एका आकृतीकडं बोट दाखवून ‘ते’ म्हणतो, हात मोकळ्या जागेकडं नेतो, ‘तिथं’ म्हणतो. आकृती जुन्या जागेवरून उठून नव्या जागी जाऊन बसते.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, रिचर्ड बोल्ट यांनी हे करून दाखवलं आणि १९८० च्या जुलैत सिएटलला भरलेल्या सिग्राफ परिषदेत त्यावर नऊ पानांचा निबंध मांडला. निबंधाच्या शीर्षकातले पहिले तीन शब्द ‘पुट दॅट देअर’. संगणकाशी तोंडानं बोलावं, हातानं खुणावावं, या विषयावर नंतर ढिगानं लिहिलं गेलं, तरी या तीन शब्दांची गोडी मला दुसरीकडं सापडली नाही. तांत्रिक निबंध असला तरी मी तो कविता वाचावी तसा पुन्हा पुन्हा वाचला आहे. प्रमाण मराठीत त्याचं नाव होईल ‘ते तिथं ठेव’. आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात ‘थे तठी ठेव’.

या तीन शब्दांत भरलेला शब्द एकच आहे, ‘ठेव’. ‘थे’ आणि ‘तठी’ या रिकाम्या टोपल्या. अंधारात कोणी हे वाक्य बोललं तर ते व्याकरणानं शुद्ध असूनही निरर्थक. या दोन शब्दांना अर्थ येतो तो बोलणाऱ्याच्या हातातून, आणि तोही ऐकणारा त्याच जागी उभा असेल तरच. भाषेतले सगळ्यांत जास्त वापरले जाणारे शब्द हे असे आहेत: हे, ते, इथं, तिथं, असं, तसं, एवढं, तेवढं. एकट्यानं त्यांना काहीच सांगता येत नाही. बोल्ट यांनी यंत्राला शिकवायला घेतले ते नेमके हे शब्द. माझ्या मते त्यांच्या प्रतिभेची पहिली खूण हीच.

निबंध तिथपर्यंत कसा पोचतो ते पाहण्यासारखं आहे. आधी पुरी वाक्यं येतात, निळा त्रिकोण हिरव्या चौकोनाच्या उजवीकडं सरकव, अशा धाटणीची. यात प्रत्येक वस्तूला रंग आहे, आकार आहे, नाव आहे. हाताची गरजच नाही. मग ‘निळा त्रिकोण’ गळतो आणि त्याच्या जागी ‘ते’ येतं, बोटासह. मग ‘हिरव्या चौकोनाच्या उजवीकडं’ हेही गळतं आणि ‘तिथं’ उरतं. निंदनाला बसलेली बाई गवत उपटत सरीनं पुढं सरकते आणि तिच्या मागं नुसती पराटी, म्हणजे कपाशी, उभी राहते, तशी ही वाक्यं एकामागून एक मोकळी होत जातात. शेवटी तीन शब्द आणि एक हात. वाचताना इथं मला दर वेळी थांबावंसं वाटतं, कारण नाम गळालं म्हणून काही हरवलेलं नसतं. उलट बोलणं माणसाच्या रोजच्या बोलण्यासारखं होतं.

आणखी एक गोष्ट बोल्ट सहज सांगून जातात, पण ती मला सगळ्यांत मोठी वाटते. बोट दाखवून ‘ते’ म्हणणाऱ्याला त्या वस्तूचं नाव ठाऊक असण्याची गरज नाही. संगणकासमोर पहिल्यांदा बसलेला माणूस अडतो तो नावांपाशी. खिडकी, घडी, पट्टी, खूण, यांतल्या कशाला काय म्हणतात हे माहीत नाही म्हणून तो विचारतही नाही. बँकेतल्या यंत्रापुढं हातातलं कार्ड फिरवत उभे राहिलेले म्हातारे मी पाहिले आहेत. त्यांना काय हवं आहे हे पक्कं माहीत असतं, फक्त त्याचं नाव माहीत नसतं. ‘ते’ हा शब्द अशा माणसासाठी दार उघडतो. ज्ञानी असो वा अडाणी, ‘ते’ सगळ्यांना येतं.

यामागची यंत्रं आज आठवली तर किती तुटपुंजी वाटतात! आवाज ओळखणारं यंत्र एनईसी या जपानी कंपनीचं, डीपी-१०० नावाचं. त्याच्या ध्यानात राहणारे शब्द जेमतेम १२०, आणि एका दमात ते फार तर पाच शब्दांचं वाक्य ऐकू शके. अडीच वर्षांच्या पोराकडंही याहून जास्त शब्द असतात. मनगटावरचा ठोकळा पोलहेमस कंपनीचा. खोलीत सोडलेल्या चुंबकीय क्षेत्रात आपण कुठं आहोत आणि कोणत्या दिशेला कललो आहोत हे तो सांगे. खोलीचं नाव मीडिया रूम, आकार एखाद्या कचेरीतल्या खोलीएवढा. निकोलस निग्रोपाँटी यांनी १९६७ साली सुरू केलेल्या आर्किटेक्चर मशीन ग्रुपची ती खोली. १९८५ साली याच गटातून पुढं मीडिया लॅब उभी राहिली.

कान असे अधू. हातही काही फार नेमका नव्हता. दूरवरच्या पडद्याकडं रोखलेलं बोट कोणाचंही थोडं हलतंच. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसून दोघं गाव गाठतात ती आपली जुनी गोष्ट इथं अक्षरशः घडते. आवाज सांगतो ‘ते’, म्हणजे आता बोटाकडं बघ; बोट सांगतं ‘साधारण या बाजूला’, म्हणजे कोणतं ते ठरलं. शिवाय ‘तिथं’ हा शब्द नुसती जागा सांगत नाही, तो क्षणही सांगतो. हात सतत फिरतच असतो, पण त्यातली कोणती घडी खरी? ज्या घडीला तोंडातून ‘तिथं’ बाहेर पडलं ती. जीभ आणि मनगट एका तालावर आले की अर्थ होतो. टाळकऱ्याला हे सांगावं लागणार नाही.

न बोललेल्याचीही या निबंधात सोय आहे. निळा चौकोन कर म्हटलं, पण केवढा ते सांगितलं नाही, तर यंत्र मध्यम आकाराचा करतं. संस्कृत टीकाकार ज्याला अध्याहार म्हणतात तो हाच. ऐकणाऱ्यानं थोडं स्वतःच्या पदरचं घालायचं, म्हणजे बोलणाऱ्याला सगळं बोलावं लागत नाही.

दोन वर्षांनी, १९८२ साली, याच कामावर ख्रिस्तोफर श्मांट आणि एरिक हल्टीन यांनी लिहिलं. त्यांच्या निबंधाचा पायाच विलक्षण आहे. आवाज ओळखणारं यंत्र कधीही शंभर टक्के बिनचूक होणार नाही, असं गृहीत धरून ते सुरुवात करतात. मग करायचं काय? तर जे नीट कळलं नाही ते यंत्रानं विचारावं. चूक झालीच तर ती लगेच दिसावी आणि बोलूनच सुधारता यावी. म्हणून ते यंत्र तोंडानं उलट विचारी: कुठं? कोणतं? मला या ‘कुठं’मध्ये फार जिव्हाळा जाणवतो. चांगला ऐकणारा कोण, तर जो न कळलेलं कळल्यासारखं करत नाही. आमच्याकडं सालदार नवा असला की मालक त्याला सांगे, समजलं नाही तर विचारजो, पण वावरात उलटं काम करून येऊ नको.

‘विचारजो’. हे रूप इथं आलंच आहे तर मराठीची एक गोष्ट सांगून टाकतो, कारण बोल्ट यांचं वाक्य मराठीत आणलं की त्याची घडणच बदलते. इंग्रजीत क्रियापद आधी. ‘पुट’ कानावर पडलं की यंत्राला कळतं, काहीतरी ठेवायचं आहे. मग ते एका ‘काय’ची आणि एका ‘कुठं’ची वाट पाहतं. मराठीत आधी ‘ते’, मग ‘तिथं’, आणि सगळ्यांत शेवटी ‘ठेव’. शेवटचा शब्द येईपर्यंत काहीच ठरलेलं नसतं. ते तिथं ने, ते तिथं नको, ते तिथंच राहू दे, यांतलं काहीही होऊ शकतं. म्हणजे मराठी ऐकणाऱ्या यंत्राला दोन बोटखुणा मुठीत धरून थांबावं लागेल आणि क्रियापद आल्यावरच मूठ उघडावी लागेल. आणि ते क्रियापद तरी एकटं कुठं येतं? ठेव, ठेवा, ठेव ना, ठेवून दे, ठेवशील. वऱ्हाडीत ‘ठेवजो’: आत्ता नाही, नंतर, पण आठवणीनं. कोण कोणाला सांगतं आहे, किती हक्कानं, किती घाईनं, हे सगळं त्या शेवटच्या शब्दाच्या शेपटीत असतं. बोल्ट मराठीभाषक असते तर त्यांची खोली वेगळी बांधली गेली असती असं मला मनापासून वाटतं.

निबंधातली माझी सगळ्यांत आवडती जागा मात्र नाव ठेवण्याची आहे. पडद्यावरच्या एका आकृतीकडं बोट करून माणूस म्हणतो, याला अमुक म्हणायचं. उदाहरणातलं नाव आहे कॅलेंडर. यंत्राला हा शब्द ठाऊक नाही. त्याच्या १२० शब्दांत तो नाही. तेव्हा ‘याला म्हणायचं’ एवढं ऐकल्याबरोबर यंत्र ओळखण्याचं काम थांबवतं आणि शिकण्याच्या पवित्र्यात येतं. पुढचा आवाज ते ताडून पाहत नाही, साठवून घेतं. आतापर्यंत ज्याला ‘ते’च म्हणावं लागत होतं त्याला नाव मिळतं, आणि पुढच्या वेळी बोटाशिवाय हाक मारता येते. बारशाला पाळण्याखालून बाळ देताना आत्या कानात ‘कुर्रर्र’ करते तेव्हा सगळ्या बाया क्षणभर गप्प होतात ना, तशी ती एक छोटी शांतता मला त्या वाक्यात ऐकू येते. भाषा बोटापासून सुरू होऊन नावापर्यंत कशी जाते याचं इतकं नेटकं चित्र भाषाशास्त्राच्या पुस्तकातही क्वचित मिळेल.

हे सगळं मनात घोळत असताना मी कार्तिकात आत्याबरोबर कौंडण्यपूरला गेलो होतो.

कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठी. नदीपलीकडं वर्धा जिल्हा लागतो. विदर्भाच्या भीष्मक राजाची ही राजधानी आणि रुक्मिणीचं माहेर, अशी सगळ्या वऱ्हाडाची श्रद्धा. मोरेश्वर दीक्षित यांनी इथं उत्खनन केलं आणि त्याचा अहवाल १९६८ साली निघाला, म्हणजे पांढरीच्या मातीखाली जुनी वस्ती होती हे कुदळीनंही सांगितलं. इथली रुक्मिणीमातेची पालखी १५९४ पासून पंढरपूरला जाते, सदाराम महाराजांनी सुरू केलेली. माहेरची पालखी म्हणून तिचा मान वेगळा.

देवळाच्या वाटेवर माळा-बांगड्यांचं दुकान होतं. आत्या थांबली.

“वो बाई, थे दाखव.”

“कोनतं?”

“थे नाही, थे. त्याच्या मांगची.”

दुकानवालीनं मान न वळवता हात मागं नेला आणि खिळ्यावरच्या दहाबारा माळांतून बरोबर हवी ती काढली. काळ्या मण्यांची. “हे घ्या, मावशी.” मी दोघींकडं पाहत होतो. आत्यानं ‘थे’ दोनदा म्हटलं आणि दोन्ही ‘थे’ वेगळे होते. पहिल्याला तिनं बोट दाखवलं होतं, दुसऱ्याला नुसती हनुवटी उचलली होती. दुकानवाली तिच्या हाताकडं बघतही नव्हती, ती बघत होती डोळ्यांकडं. चुंबकीय क्षेत्र नाही, ठोकळा नाही, आणि चूक नाही.

मग आत्याला ही खरेदी अमरावतीच्या सुनेला कळवायची होती. लिहायला तिला वेळ लागतो. फोनवर मराठीत बोललं की अक्षरं उमटण्याची सोय २०१७ पासून सर्रास झाली आहे. ती मी तिला दाखवली होती. फोन तोंडाजवळ धरून ती म्हणाली, “देवीले काया मन्यायची माय घेतली.”

वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा तो डोया, केळं ते केयं, जवळ ते जवय. काळ्याचं काया आणि माळेची माय. फोननं लिहिलं, देवीला काया मन्याची माय घेतली. काया हा मराठी शब्द आहे, माय हाही आहे. फोननं शब्द शुद्धच लिहिले होते, फक्त ते आत्याचे नव्हते. मी वाचून दाखवल्यावर ती फोनला समजावू लागली. “मी माय म्हनली थे माय नाही, गयातली माय.” आणि हे म्हणताना तिनं उजव्या हाताची बोटं गळ्यावरून, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, हळूच फिरवली.

त्या हातानं सगळं सांगून झालं होतं. जन्मात वऱ्हाडी न ऐकलेल्या माणसालाही त्या क्षणी माय म्हणजे माळ हे कळलं असतं. बोल्ट यांच्या खोलीत अधू कानाला हात आधार देत होता, तसाच आधार आत्यानं आपणहून देऊ केला होता. पण घेणारं कोणी नव्हतं. तिचा दुसरा हात फोन धरण्यात गुंतला होता आणि फोनची काच तिच्या ओठांसमोर होती. गळ्यावरून फिरलेली बोटं त्याच्या दृष्टीनं घडलीच नव्हती. आणि त्यानं ‘कोणती माय?’ असं विचारलंही नाही. जे ऐकू आलं ते लिहिलं आणि थांबला.

पूर्वी एकदा सुनेनं भाजणीच्या वड्यांची कृती मागितली तेव्हा आत्यानं आवाजी निरोप पाठवला होता. त्यात ‘मीठ एवढं टाकजो’ असं तीनदा आलं होतं. सुनेनं फोन करून विचारलं, आई, एवढं म्हणजे केवढं? आत्या इकडं चिमटी दाखवत होती. आपल्या मापांची नावंच बघा: चिमूट, मूठ, पसा, ओंजळ, वीत, हात. मराठीत ‘एवढं’ हा शब्द हातावाचून उच्चारताच येत नाही. अंधारातही, पाठमोरं असतानाही, आपण हात करतोच.

यंत्रांना आमची बोली ऐकायची सवय लावावी, असा प्रयत्न करणारी माणसं आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. कलिका बाली आणि सहकाऱ्यांचा २०२० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मराठीवरचा आहे. खेड्यातले कमी उत्पन्नाचे लोक, शहरातले तसेच लोक आणि विद्यापीठातले विद्यार्थी, असे ३६ जण; त्यांच्याकडून १०९ तासांचं मराठी बोलणं गोळा केलं. विद्यार्थ्यांच्या बरोबरीचं काम खेड्यातल्या आणि वस्तीतल्या माणसांनी केलं, असा त्याचा निष्कर्ष. हे व्हायलाच हवं होतं. असे हजारो तास जमले आणि त्यांत तिवसा, मोर्शी, दर्यापूर, आकोटचे आवाज आले, तर ‘काया’चा ‘काळ्या’शी मेळ बसेल. पण ते सगळं समोरचं वाक्य बघून वाचलेलं बोलणं. वाचताना माणूस हात करत नाही. आत्याची गळ्यावरून फिरलेली बोटं १०९ तासांत एकदाही येणार नाहीत.

कॅमेऱ्यातून बघणारे आणि बोलणारे सहायक आता फोनमध्ये आले आहेत. वस्तूकडं फोन धरायचा आणि ‘हे काय आहे’ विचारायचं. ही वाट बरी आहे, तरी तिथं बोटाची जागा फोन घेतो. फोन जिकडं बघतो तेवढंच ‘हे’. बोल्ट यांच्या खोलीत माणूस टेकून बसला होता, दोन्ही हात मोकळे होते, आणि यंत्र त्याच्याकडं बघत होतं. हा फरक मला फार मोठा वाटतो.

देवळाच्या पायरीवर बसल्यावर रुक्मिणीच्या निरोपाची आठवण झाली नसती तरच नवल. भागवताच्या दशम स्कंधात तो येतो, सात श्लोकांचा. नरेंद्रांपासून एकनाथांपर्यंत मराठी कवींनी ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचलं ते याच कथेवर. ती कथा मी लहानपणापासून ऐकत आलो, पण बोल्ट यांचा निबंध वाचल्यावर तिच्यातली एक गोष्ट पहिल्यांदा दिसली.

कृष्ण द्वारकेत, रुक्मिणी इथं. मधे एक ब्राह्मण. तेव्हा तिच्या निरोपात ‘तिथं ये’ असं असूच शकत नाही. तिला सगळं नावानिशी सांगावं लागतं. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडं कुलदेवीची मोठी यात्रा असते, नवरी त्या यात्रेत गावाबाहेर अंबिकेच्या देवळात जाते, तेव्हा. कधी, कुठं, का, कसं, सगळं भरलेलं. एकही टोपली रिकामी नाही. निरोपाची भाषा अशीच असावी लागते. ऐकणारा दूर आहे, त्याला हात दिसत नाही.

आणि मग तो दिवस येतो. भागवतकार सांगतात, ती पायी देवळाकडं निघाली तेव्हा तिनं मौन धरलं होतं. पूजा झाल्यावर मौन सोडलं आणि सखीचा हात धरून बाहेर आली. आता ती बोलू शकते. पण तिच्या तोंडी एकही शब्द कवीनं घातलेला नाही. जमलेल्या राजांकडं बघताना डाव्या हाताच्या बोटांनी ती कपाळावरच्या बटा बाजूला सारते. कृष्ण दिसतो. ती रथात चढू बघते तोच तो तिला उचलून नेतो.

दूर असताना सात श्लोक आणि समोर असताना बटा सारणारी चार बोटं. निरोप आणि खूण. आज आपण फोनशी जे बोलतो ते सगळं निरोपाचं बोलणं आहे. यंत्र खिशात असलं तरी ते आपल्याला द्वारकेइतकंच दूर आहे, म्हणून त्याच्याशी पुऱ्या, नावानिशीच्या, प्रमाण वाक्यांत बोलावं लागतं. बोल्ट यांनी एका खोलीपुरतं का होईना, यंत्राला देवळाच्या दारात आणून उभं केलं, जिथं ‘थे’ म्हटलं की पुरे. म्हणून त्यांच्या वाक्यातली नामं गळाली.

याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. आता तिथं मराठी भाषेचं विद्यापीठही उभं राहिलं आहे. ‘लीळाचरित्रा’तले, महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी स्वतःविषयी बोलताना ‘मी’च्या ठिकाणी ‘एथ’ म्हणतात. एथ म्हणजे इथं. मराठी गद्याच्या अगदी आरंभीच्या पुस्तकात एक माणूस स्वतःला जागा म्हणून सांगतो. समोर बसलेल्यांना ‘एथ’चा अर्थ विचारावा लागत नसे, ते तिथंच होते. स्वामी निघून गेल्यावर मात्र त्या ‘एथ’ला पोरकेपण आलं, आणि अनुयायांनी कोणती लीळा कुठं घडली ते आठवून, विचारून, पारखून लिहून घेतलं. चौदाव्या शतकातली ‘स्थानपोथी’ तर केवळ ठिकाणांसाठीच लिहिली गेली: कोणतं गाव, कोणतं देऊळ, कोणत्या दिशेला. हात दाखवणारा उरला नाही की ‘तिथं’ हा शब्द किती जपून भरावा लागतो, हे महानुभावांइतकं कोणी जाणलं नसेल. यंत्राला मराठी शिकवायला निघालेल्यांनी ती पोथी एकदा चाळावी.

उन्हं कलली तेव्हा आम्ही निघालो. नदी पाठीमागं होती. समोर वावरांत तूर फुलावर आलेली, पराटीची बोंडं फुटलेली. आत्यानं माळ देवीला वाहिली होती आणि तिच्या ओच्यात प्रसादाचा नारळ होता.

“आत्या,” मी विचारलं, “देवानं रुक्मिणीले कोनीकडं नेली?”

ती थांबली. नारळ डाव्या हातात घेतला आणि उजवा हात उचलून मावळतीकडं केला. मनगटावरची हिरवी काकणं कोपराकडं सरकली.

“अशी,” ती म्हणाली.